वात एकाने लावली, भाजले दुसऱ्याला : वाचकांचे प्रश्न

फटाक्यांमुळे होणाऱ्या इजांविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी गच्चीच्या कठड्याशी उभी राहून खाली चाललेली आतषबाजी पाहत होते. एक रॉकेट तिरपे आले आणि त्याची काडी माझ्या डाव्या डोळ्यावर आदळली. डोळ्यात रक्त साकळले होते; औषधांनी ते ओसरले आणि आता पूर्वीसारखे दिसते. घरचे मात्र अजून म्हणतात, “तू तिथे उभी कशाला राहिलीस?” मी तर फटाक्याला हातही लावला नव्हता. हे माझे दुर्दैव समजायचे, की असे नेहमी घडते? आणि डोळा बरा झाल्यावर तपासण्या थांबवल्या तर चालतील का?

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी, कारण ते निकडीचे आहे. तपासण्या थांबवू नका. बोथट माराने डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त साकळते, तेव्हा डोळ्यातील द्रव ज्या कोपऱ्यातून निचरून बाहेर जातो, त्या कोपऱ्यालाही पुष्कळदा इजा झालेली असते. रक्त शोषले जाते, नजर स्वच्छ होते आणि रुग्णाला वाटते की संकट टळले. पण त्या कोपऱ्याची निचऱ्याची क्षमता कमी झालेली असेल, तर काही महिन्यांनी, क्वचित कित्येक वर्षांनीही, डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. हा काचबिंदू सहसा दुखत नाही, त्यामुळे तो स्वतःहून कळत नाही. म्हणून वर्षातून एकदा दाब मोजून घेणे हे आपल्यासाठी कायमचे काम आहे असे समजावे. बाहुली मोठी करून दृष्टिपटलाच्या कडा तपासल्या होत्या का, हेही आपल्या डॉक्टरांना विचारा. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके तरंगू लागले, विजेसारख्या चमका दिसल्या किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डोळे दाखवावेत.

आता दुर्दैवाविषयी. २०१० साली नेदरलँड्समधील नेत्रतज्ज्ञांनी वेगवेगळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून फटाक्यांमुळे होणाऱ्या डोळ्यांच्या इजांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात जखमींपैकी सुमारे ७७ टक्के पुरुष किंवा मुलगे होते, बहुतेक वयाने लहान होते, आणि जवळजवळ निम्मे, म्हणजे ४७ टक्के, केवळ बघत उभे होते. सहापैकी साधारण एका डोळ्याची दृष्टी गंभीर प्रमाणात गेली आणि सुमारे चार टक्के डोळे काढून टाकावे लागले. थोडक्यात, आपण एकट्या नाही. डोळ्यांच्या बाबतीत तर बघणारा आणि पेटवणारा यांच्यात फारसा फरक राहत नाही.

याचे कारण समजण्यासारखे आहे. पेटवणारा वातीला ठिणगी लागताच पाठ फिरवून पळतो. बघणारा मात्र तोंड वर करून, डोळे उघडे ठेवून, नेमका धोक्याच्याच दिशेला पाहत उभा असतो. रॉकेट कुठे जाईल हे त्याची काडी, ते ज्यात उभे केले आहे ते भांडे आणि त्या क्षणीचा वारा ठरवतो. काडी वाकडी असेल किंवा पेटताना बाटली कलंडली, तर रॉकेट आडवे सुटते आणि माणसाला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की दाटीवाटीच्या वस्तीत हौशी माणसाच्या हाती रॉकेट असूच नये. त्याच आढाव्यानुसार, ज्या देशांत फटाक्यांवर कडक निर्बंध आहेत तेथे डोळ्यांच्या इजा सुमारे ८७ टक्क्यांनी कमी आढळल्या. आपल्या घरच्यांना हा आकडा सांगा, आणि कुठे उभे राहावे हे बघणाऱ्याला विचारण्याआधी रॉकेट कुठून सोडावे हे सोडणाऱ्याला विचारायचे असते, हेही सांगा.

प्रश्न : माझी नात चार वर्षांची आहे. बॉम्ब, रॉकेट तिच्यापासून आम्ही लांबच ठेवतो, पण फुलबाजी तरी तिच्या हातात द्यावी असे सर्वांना वाटते. ती आवाज करत नाही, उडत नाही. सुनेला मात्र ते पसंत नाही. कोणाचे ऐकावे? — एक आजी

उत्तर : आजी, सुनेचे ऐकावे. फुलबाजी उडत नाही आणि वाजत नाही म्हणून ती मवाळ वाटते; प्रत्यक्षात तिच्या जळत्या टोकाचे तापमान १००० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, आणि काही धातू वितळवण्याइतकी ती उष्णता असते. फुलबाजी लहानांच्याच हातात दिली जाते, म्हणून पाच वर्षांखालील मुलांच्या फटाक्यांच्या इजांमध्ये तिचा वाटा मोठा असतो.

चार वर्षांच्या मुलाचा हात आखूड असतो, त्यामुळे जळते टोक चेहऱ्यापासून आणि कपड्यांपासून फार दूर राहत नाही. हात दुखला की मूल वस्तू खाली टाकतेच असे नाही. घाबरून ते ती अधिक घट्ट धरते किंवा तशीच घेऊन आईकडे धावते. शेजारच्या मुलाच्या झग्याला ठिणगी लागते ती अशाच वेळी, आणि नायलॉनसारखे कृत्रिम धाग्याचे कापड पेटले की वितळून कातडीला चिकटते. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते : विझलेल्या फुलबाजीची तार बराच वेळ तापलेली राहते, काळी दिसते म्हणून ती थंड वाटते, आणि अनवाणी पाय नेमका तिच्यावर पडतो. विझलेल्या तारा टाकायला पाण्याची बादली जवळ ठेवली तर तळपाय भाजण्याचे प्रसंग जवळजवळ संपतात. नातीला आपल्या मांडीवर बसवून दूरवरून दाखवावे. तिची हौस तेवढ्याने भागते. हौस खरे तर मोठ्यांचीच असते.

प्रश्न : माझा एकोणीस वर्षांचा मुलगा फटाका हातात धरून पेटवत असताना त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो म्हणतो, वात फार लवकर जळली, म्हणजे फटाकाच सदोष होता. त्याचे मित्र सांगतात की तो पेटवून फेकण्याची शर्यत लावत होता. चूक कोणाची हे मला ठरवायचे नाही. पण असे कसे घडते ते समजून घ्यायचे आहे.

उत्तर : दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. हाताने गुंडाळलेल्या वातीचा वेग सर्वत्र सारखा नसतो. दारू कुठे दाट भरली जाते, कुठे विरळ, आणि वात दमट होऊन पुन्हा वाळली असेल तर ती कशी जळेल याचा भरवसा राहत नाही. सरासरी चार सेकंद जळणाऱ्या वातींपैकी एखादी एका सेकंदात जळते. जमिनीवर ठेवलेल्या फटाक्याच्या बाबतीत हा दोष फक्त दचकवतो. हातात धरलेल्या फटाक्याच्या बाबतीत तो बोटे नेतो. त्यामुळे “फटाका सदोष होता” हे म्हणणे मान्य केले तरी प्रश्न सुटत नाही, कारण हातात धरून पेटवणाऱ्याने सगळा हिशेब सरासरीवर मांडलेला असतो.

हाताला इतकी इजा का होते, तेही सांगतो. दारू जळताना तयार होणारे वायू अत्यंत वेगाने प्रसरण पावतात. त्यांना मोकळी वाट मिळाली तर जोर विखुरतो. मुठीत कोंडले गेले तर तो जोर आतून बोटे, अंगठा आणि त्या दोहोंमधली जागा फाडत बाहेर पडतो. अंगठा गेला तर हाताची पकडच जाते, म्हणून शल्यचिकित्सक सर्वांत आधी तो वाचवण्याची धडपड करतात. डबा, बाटली किंवा पाइपाचा तुकडा यांच्यात फटाका कोंबून उडवण्याचा जो प्रकार चालतो, त्यात हाच कोंडमारा मुद्दाम केलेला असतो आणि भर म्हणून पत्र्याचे किंवा काचेचे तुकडे सुटतात. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०२३ या वर्षासाठी फटाक्यांमुळे सुमारे ९,७०० जण उपचारांसाठी आल्याचा आणि आठ मृत्यू झाल्याचा अंदाज दिला होता. त्या इजांपैकी साधारण एक तृतीयांश इजा हातांच्या आणि बोटांच्या होत्या.

आपल्या मुलाच्या वयाचे तरुण या नोंदींत पुन्हा पुन्हा दिसतात. पौगंडावस्थेतील मुलगे आणि विशी-तिशीतले पुरुष हा पेटवणाऱ्यांतला मोठा गट; मित्रांसमोर दाखवण्याची ईर्षा आणि मोठ्यांच्या बाबतीत अनेकदा मद्य ही त्याची दोन ओळखीची कारणे. याच वयोगटाला घरगुती प्रयोगांचेही आकर्षण असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भोपाळ आणि मध्य प्रदेशातील इतर भागांत कॅल्शियम कार्बाइडच्या पाइपबंदुकीने अनेक मुलांचे डोळे दुखावले. कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि ठिणगीने तो पेटतो. पेटला नाही म्हणून मूल पाइपात डोकावते आणि नेमका तेव्हाच भडका उडतो. या प्रकारात उष्णता, धक्का आणि अल्कलीसारखा दाहक पदार्थ असे तिन्ही एकदम डोळ्यावर येतात, म्हणून तो साध्या फटाक्यापेक्षा अधिक घातक ठरतो.

डोकावणे किंवा परत जाणे हा धोका साध्या फटाक्यालाही लागू आहे. फुसका गेलेला फटाका आतल्या आत धुमसत असू शकतो. त्याच्याकडे अर्धा तास फिरकू नये, नंतर दुरून भरपूर पाणी ओतून तो पूर्ण भिजवावा, आणि पुन्हा पेटवण्याचा विचार करू नये. एखादे बोट तुटलेच, तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवून रुग्णासोबत न्यावी. बोट थेट बर्फावर ठेवले तर ते गोठून निकामी होते. स्फोटाने चिरडलेले बोट जोडता येईलच असे नाही, पण तो निर्णय रुग्णालयात होऊ द्यावा.

प्रश्न : भाजल्यावर पाणी लावू नये, फोड येतात, असे आमच्याकडे जुनी माणसे सांगतात. शाळेत आलेल्या डॉक्टरांनी पाणीच लावा असे सांगितले. डोळ्यांच्या बाबतीत आणखी गोंधळ आहे : कोणी म्हणते धुवा, कोणी म्हणते अजिबात धुऊ नका. मी शिक्षक आहे. मुलांना नेमके काय सांगू?

उत्तर : भाजलेल्या कातडीसाठी पाणी हाच पहिला उपचार आहे. फोड येतात ते उष्णता कातडीत खोलवर पोहोचल्यामुळे येतात. पाणी ती उष्णता काढून घेते. फटाका विझला तरी कातडीत शिरलेली उष्णता आत काम करत राहते, म्हणून भाजलेला भाग वाहत्या, साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. वीस मिनिटे म्हणजे घड्याळ लावून. अंदाजाने धरलेली वीस मिनिटे सहसा चारच असतात. भाजल्यावर लगेच जमले नाही, तरी पहिल्या तीन तासांत केव्हाही केलेल्या या उपचाराचा फायदा होतो. बर्फ लावू नये, कारण त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि इजा वाढते. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद यांपैकी काहीही थापू नये. त्यांनी उष्णता आत कोंडते, जंतुसंसर्गाला वाव मिळतो, आणि जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना पाहता यावे म्हणून तो लेप खरवडून काढावा लागतो, जे रुग्णाला नव्याने पोळण्याइतके असह्य होते.

सूज चढण्याआधी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढावे. सैल कपडे दूर करावेत, पण कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. लहान मुलाचे सर्वांग गारठणार नाही, याची काळजी घेऊन फक्त भाजलेला भाग भिजवावा. नंतर स्वच्छ, न चिकटणारे कापड किंवा स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म सैलसर पसरून रुग्णालयात न्यावे. चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जननेंद्रिये भाजली असतील, जखम रुग्णाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठी असेल, किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर घरी थांबू नये. पांढरट, चामड्यासारखी किंवा कोळशासारखी दिसणारी जखम दुखत नाही म्हणून घरचे निश्चिंत होतात. तिथे दुःख नसण्याचे कारण बहुतेकदा मज्जातंतूच जळालेले असतात. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते, तेही रुग्णालयात सांगावे.

डोळ्यांबाबत आपल्याला मिळालेले दोन्ही सल्ले आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत. भुकटी, राख, चुन्यासारखा पदार्थ किंवा कार्बाइड डोळ्यात गेले असेल, तर पापण्या उघड्या धरून लगेच आणि भरपूर पाण्याने धुवावे, कारण रसायन जितका वेळ राहते तितके ते खोल जाते. पण काडी, तुकडा किंवा काहीही वेगाने आदळून डोळ्याला छेद गेल्याची शंका असेल, रक्त येत असेल, बाहुलीचा आकार वेडावाकडा दिसत असेल किंवा काही रुतलेले असेल, तर धुऊ नये, चोळू नये, दाबू नये आणि रुतलेली वस्तू काढू नये. कागदी पेल्याचा तळ डोळ्यावर असा टेकवावा की तो भोवतालच्या हाडावर बसेल आणि डोळ्याला स्पर्श होणार नाही, आणि तो चिकटपट्टीने धरून ठेवावा. मलम घालू नये. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये, कारण रक्तस्राव वाढू शकतो. आणि शस्त्रक्रिया करावी लागेल हे धरून रुग्णाला खायला-प्यायला देऊ नये. मुलांना एवढेच सांगा : डोळ्याला हात लावू नका आणि लगेच मोठ्या माणसाला बोलवा. धुवायचे की नाही हे ठरवणे मोठ्यांचे काम आहे.

प्रश्न : फटाक्यांचे जखमी मोजताना फटाके बनवणारे कामगार धरतात का?

उत्तर : बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. रुग्णालयांच्या ज्या नोंदींवरून आकडे काढले जातात त्या ग्राहकांच्या असतात. कारखान्यातील मृत्यू औद्योगिक अपघात म्हणून वेगळ्या रकान्यात जातात. मला ही विभागणी पटत नाही, कारण दारू तीच आणि भाजणे तेच. घोटताना होणारे घर्षण, कोरड्या हवेत अंगावर साठणारी स्थिर वीज, उन्हात वाळत घातलेले मिश्रण आणि एका खोलीत गरजेपेक्षा जास्त माल व माणसे ही तिथल्या स्फोटांची नेहमीची कारणे आहेत. फटाका उडवणाऱ्याच्या हातात काही ग्रॅम दारू असते. कामगाराच्या खोलीत ती किलोंच्या हिशेबात असते.

आणि इथेही इजा कामगारांपाशी थांबत नाही. १३ मे २००० रोजी नेदरलँड्समधील एन्स्खेदे शहरात फटाक्यांच्या गोदामाचा स्फोट झाला; ते निवासी वस्तीत होते. २३ माणसे गेली, त्यांत चार अग्निशामक जवान होते, आणि सुमारे ९५० जण जखमी झाले. सप्टेंबर २०१२ मध्ये शिवकाशीजवळच्या कारखान्यातील आगीत दगावलेल्यांपैकी अनेक जण कामगार नव्हते. आग पाहायला आणि मदतीला धावून आलेले आसपासचे लोक होते. फटाक्यांच्या साठ्याला आग लागली की पहिल्या स्फोटानंतर मोठा स्फोट व्हायचा राहिलेला असू शकतो, म्हणून अशा ठिकाणी जवळ न जाणे आणि खिडक्यांपासून दूर राहणे एवढेच सामान्य माणसाने करावे.

प्रश्न : आमच्या बंदिस्त सभागृहात कार्यक्रमाच्या वेळी व्यासपीठावर ठिणग्यांची कारंजी लावतात. ती “थंड” असतात असे लावणारे सांगतात. व्यवस्थापक म्हणून मी परवानगी द्यावी का?

उत्तर : देऊ नये. “थंड” हा विक्रीचा शब्द आहे. यंत्रातून उडणाऱ्या काही ठिणग्या कातडीवर लवकर निवतात हे खरे, पण त्या नावाखाली साधी दारूची कारंजीही सर्रास आणली जातात, आणि दोन्हींचा उगम कापड, थर्माकोल किंवा फोम पेटवण्याइतका तापलेला असतो. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील एका नाइट क्लबमध्ये अशाच कारंज्याने भिंतीवरचा ध्वनिरोधक फोम पेटला आणि शंभर माणसे मरण पावली. २७ जानेवारी २०१३ रोजी ब्राझीलमधील सांता मारिया येथे हेच घडले. तिथे २४२ जण गेले. दोन्ही ठिकाणी बहुतेकांचा जीव ज्वाळांपेक्षा विषारी धुराने आणि दाराशी झालेल्या कोंडीने गेला. आपल्या सभागृहाच्या छताला आणि भिंतींना फोम लावला आहे का, आणि मागची दारे कार्यक्रमाच्या वेळी कुलूपबंद असतात का, हे मात्र परवानगीचा प्रश्न बाजूला ठेवूनही आजच पाहून घ्या.

प्रश्न : जवळ बॉम्ब फुटल्यापासून एका कानात सतत शिट्टी वाजते आणि कमी ऐकू येते. दोन दिवस झाले. आपोआप बरे होईल का?

उत्तर : होईलही, पण वाट पाहू नये. पडदा फाटला असेल तर तो बहुधा काही आठवड्यांत आपसूक भरतो. तोवर कानात पाणी, तेल किंवा थेंब जाऊ देऊ नयेत. आतल्या कानाच्या पेशी दुखावल्या असतील तर मात्र उपचारांचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच अधिक होतो, आणि या दोहोंतला फरक घरी कळत नाही. उद्या सकाळी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून श्रवणचाचणी करून घ्यावी.